जुन्या गाडीचा क्लच बदलताय? या चुका टाळा

पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरवर अ‍ॅक्सिलेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी काय तेवढी पळत नाही, आणि वर पोचल्यावर जळका वास येतो, म्हणजे क्लच स्लिप मारतोय, घसरतोय, हे कुणीपण सांगेल. पण नवीन क्लच टाकून तीन-चार महिन्यांत तीच गाडी परत गॅरेजच्या दारात उभी राहते त्याचं काय? माझं मत सांगतो, त्यात बहुतेक वेळा क्लच प्लेटचा दोष नसतो, गिअरबॉक्स खाली उतरवलेला असताना जे बघायला पाहिजे होतं ते कुणी बघितलेलं नसतं.

आधी गाडी उघडायचीच गरज आहे का ते बघा. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांना क्लच केबलवर चालतो, आणि प्लेट झिजत जाईल तसा पेडलचा फ्री प्ले कमी होत जातो. फ्री प्ले म्हणजे पेडल हाताने दाबल्यावर सुरुवातीला जे मोकळं जातं ते. ते अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) कायम प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरणारी) टेकून राहतं आणि चांगला क्लचसुद्धा स्लिप मारतो. बऱ्याचदा गिअर नीट पडत नाही म्हणून कुणीतरी केबल ओढून ठेवलेली असते आणि त्यातनंच हे सुरू होतं. तेव्हा आधी केबल अ‍ॅडजस्ट करून चालवून बघा.

आवाजाचंही तसंच. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर येतो आणि दाबला की बंद होतो, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद आत नेणारा दांडा) बेअरिंगवर घ्यायचा, तिथं क्लच बदलून काही फरक पडत नाही. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ते, आधी तपासा, रबर फाटलेलं असलं तरी सेम तसंच होतं.

आता सगळ्यात मोठी चूक, फक्त प्लेट बदलणे. "प्रेशर प्लेट चांगली हाय, चालतीया अजून" असं ऐकून लोक थोडे पैसे वाचवतात. अहो, खरा खर्च गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीचा आहे, ती दुसऱ्यांदा पण तेवढीच द्यावी लागते! प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्रच बदला. केबल जुनी असेल तर तीपण.

मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट टेकते. हे खरंच स्वतः बघायला जा. त्याच्या तोंडावर निळसर डाग दिसले तर ते तापून झालेले असतात, आणि नख फिरवल्यावर गोल चरे लागत असतील तर नवीन प्लेट तिथं नीट बसणारच नाही, गाडी थरथरणार. आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवाल्यांची काय कमी नाही, फेसिंग मारून, म्हणजे तोंड सपाट करून घ्या, फक्त कंपनीने दिलेल्या जाडीच्या खाली जाऊ देऊ नका. अलीकडच्या काही डिझेल गाड्यांना ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असतं, त्याला मात्र लेथवर चढवू नका.

तिथंच आतल्या बाजूला ओलं दिसतंय का बघा. काळं, पातळ तेल असेल तर क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलंय, घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. सील स्वस्तातलं असतं, पण ते तसंच ठेवलं की नवीन प्लेटला तेल लागून ती वाया जाते. आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका, जुन्या प्लेटच्या मटेरियलमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसायची.

बसवताना होणाऱ्या चुका थोडक्यात सांगतो. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, उलटी बसली की क्लच सुटतच नाही. नवीन प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं ते ब्रेक क्लीनरने पुसायचं. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस एकदम पातळ थर, जास्तीचं पुसून टाका. रिलीज बेअरिंग पेट्रोलमध्ये धुवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं. प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर धरून बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. आणि गिअरबॉक्स चढवताना तो इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका किंवा बोल्टने ओढून आत घेऊ नका, प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग नवीन क्लच असूनही गिअर टाकताना कर्रर्र आवाज येत राहतो. जॅकवरच्या गाडीखाली शिरायचंच नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावा.

एक गोष्ट फार कमी लोक बघतात, गिअरबॉक्सला लावलेली अर्थिंगची पट्टी. ती परत लावायची राहिली की सेल्फ मारताना करंट दुसरा रस्ता शोधतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो रस्ता म्हणजे क्लच केबल. केबल तापून आतून जळते, क्लच जड होतो, आणि लोक परत नवीन क्लचलाच नावं ठेवतात.

ड्राइव्ह शाफ्ट काढले की गिअर ऑइल सांडतं, तेव्हा लेव्हल भरून घ्या. हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर त्याच्या लाइनमधली हवा काढून घ्या.

गाडी हातात आल्यावर पहिले ४००-५०० किलोमीटर गगनबावड्याच्या बाजूला घाटात घालू नका, शहरातल्या शहरात सावकाश चालवा, चढावर गाडी क्लचवर धरून ठेवायची नाही, हँडब्रेक ओढा. त्यानंतर एकदा पेडलचा फ्री प्ले परत तपासून घ्या, नवीन केबल सुरुवातीला थोडी बसते.