कोर्स पोरांचा, चुका आपल्या

'अगं, नुसती बघत तर बसलीयस, डेअरीला दूध घालून ये जा.' हे वाक्य मी थोरलीला किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणतीच नाही. तिच्या कानात हेडफोन आणि समोर मोबाईलवर ऑनलाइन कोर्स शिकवणारे आयआयटीचे सर. माझ्या लेखी पोरगी मोबाईल घेऊन बसलेली. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत अजून बऱ्याच घरांत हेच चालतं. कॉलेजला निघालेल्या पोराला कुणी अर्ध्या वाटेतून परत बोलवत नाही. घरात बसून शिकणाऱ्याला मात्र तासाला चार हाका.

पण आम्हाला महागात पडली ती दुसरीच चूक. स्वयम म्हणजे केंद्र सरकारची ऑनलाइन कोर्सची साइट, आणि एनपीटेल म्हणजे त्यावरचे आयआयटीवाल्यांचे कोर्स. तिथं नाव घालायला पैसे लागत नाहीत. जानेवारीत तिनं नाव घातलं, आम्ही समजलो, झालं काम. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, त्याची फी वेगळी (तेव्हा 1,000 रुपये) आणि कोर्स अर्ध्यात असतानाच त्याची मुदत संपते. तिनं शेवटच्या दिवशी फॉर्म उघडला. फीचा ओटीपी गेला बाबांच्या नंबरवर, आणि बाबा उसाला पाणी पाजायला मळ्यात, जिथं रेंजच नाही. धाकट्याला सायकलवरून पिटाळलं. तो मोबाईल घेऊन घरी येईपर्यंत ओटीपी शिळा झालेला आणि फॉर्म बंद. तेव्हा फॉर्मची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या आठवड्यात बँकेला जोडलेला मोबाईल घरात असू द्या.

एखादी असाइनमेंट राहिली तर लगेच डोक्यावर बसू नका. दर आठवड्याला एक असते, मुदत गेली की घेत नाहीत, हे खरं. पण 12 आठवड्यांच्या कोर्सला त्यातल्या चांगल्या 8 धरतात. त्यांचे 25 गुण, परीक्षेचे 75; सर्टिफिकेटला 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30 हवेत. पावसात खानापूरकडं दिवसदिवस लाईट नसते, तिथं ही सवलत उपयोगी पडते. मुदतीच्या रात्रीवर ठेवण्यापेक्षा दोन दिवस आधी काम उरकलेलं बरं, एवढंच सांगा.

नावाचा घोळ तर आपल्या भागाला चिकटलेलाच. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर नाव आणि पुढं दोन आद्याक्षरं, आधारवर आडनावासकट. फॉर्ममध्ये घालाल तेच नाव सर्टिफिकेटवर छापून येतं. म्हणून कॉलेजात कुठलं नाव आहे ते आधी बघा. त्याच फेरीत हा कोर्स क्रेडिटला, म्हणजे डिग्रीच्या अभ्यासात, धरणार का, तेही विचारून घ्या. एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स असे धरायला यूजीसीची (विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाची) मुभा आहे, पण तुमचं कॉलेज काय करतं ते महत्त्वाचं.

'इंग्रजी झेपत नाही तर घेतलास कशाला?' हे तर बोलूच नका. मराठी शाळेतून आलेल्या पोराला पहिले दोन आठवडे जडच जातात. एनपीटेलच्या बऱ्याच कोर्सांचा मजकूर मराठीतही मिळतो, तो डाउनलोड करून द्या. जेवताना 'आज काय शिकलास, मला समजेल असं सांग' म्हणून बघा. आमची पहिल्यांदा अडखळली, मग ताटातल्या भाकरीचे तुकडे मांडून प्रोग्रॅममधला लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं) म्हणजे काय ते समजावत बसली. आमटी गार झाली.

आणि कुणी इंजिनिअरिंगची किंवा नर्सिंगची डिग्री घरबसल्या देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. असल्या डिग्र्या ऑनलाइन द्यायला यूजीसीची परवानगीच नाही.