तिकिटावर नावे पाच, स्पर्धक किती? लांबच्या विमानप्रवासाचे तिकीट निवडण्याची रीत

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून शिकागोला अथवा म्युनिकला जाणारा प्रवासी तिकीट शोधू लागला की मुंबईहून सुटणारे पंधरा-वीस पर्याय त्याच्या पडद्यावर उभे राहतात, आणि एवढ्या कंपन्या आहेत म्हटल्यावर स्पर्धा भरपूर असेल, असा त्याचा समज होतो. हा समज बऱ्याचदा फसवा असतो. त्या यादीतील काही नावे एकाच विमानाची असतात, तर काही कंपन्या वेगळ्या असूनही ठरावीक मार्गांवर दर एकत्र ठरवतात. म्हणून भाव पाहण्याआधी खरी विमाने किती आणि खरे विक्रेते किती, हे मोजून घ्यावे.

पहिली मोजणी सोपी आहे. ज्या दोन पर्यायांची सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ मिनिटापर्यंत सारखी आहे, ते जवळजवळ नक्कीच एक विमान असते. मुंबईहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या लुफ्थान्साच्या विमानावर एअर इंडियाचाही उड्डाण क्रमांक असू शकतो. या व्यवस्थेला कोडशेअर म्हणतात. क्रमांकाखाली बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ असे लिहून पुढे जे नाव येते, ती कंपनी प्रत्यक्षात विमान उडवते. खुर्ची, जेवण आणि कर्मचारी तिचेच असतात. पैसे मात्र ज्याचा क्रमांक घेतला त्याच्या दराने मोजावे लागतात आणि एकाच रांगेतील दोन खुर्च्यांचे दर त्यामुळे वेगळे निघतात. सगळे क्रमांक ताडून पाहावेत, पण फरक किरकोळ असेल तर विमान उडवणाऱ्या कंपनीकडूनच तिकीट घ्यावे, असे माझे मत आहे. तारीख बदलायची वेळ आली की विकणारा उडवणाऱ्याकडे आणि उडवणारा विकणाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि मधल्या मध्ये प्रवाशाचा दिवस जातो.

विमान कोण उडवतो, यावर कायद्याचे संरक्षणही अवलंबून असते. युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमानुसार मोठ्या विलंबाची किंवा रद्द झालेल्या विमानाची भरपाई लांबच्या मार्गावर 600 युरोपर्यंत मिळू शकते, मात्र भारतातून युरोपला जाताना हा नियम विमान युरोपीय कंपनी उडवत असेल तरच लागू होतो. क्रमांक लुफ्थान्साचा पण विमान एअर इंडियाचे असेल, तर जाताना तो लागू होत नाही. फ्रँकफर्टहून परत निघताना मात्र कंपनी कोणतीही असली तरी होतो.

दुसरी मोजणी गटांची आहे आणि तिथे थोडे थांबावे लागते. विमान कंपन्यांच्या अशा मोठ्या गटांना अलायन्स म्हणतात: स्टार अलायन्स 1997 मध्ये, वनवर्ल्ड 1999 मध्ये आणि स्कायटीम 2000 मध्ये सुरू झाले. एअर इंडिया जुलै 2014 पासून स्टारमध्ये आहे, कतार एअरवेज 2013 पासून वनवर्ल्डमध्ये आहे, तर एमिरेट्स आणि एतिहाद कोणत्याच गटात नाहीत. परंतु अलायन्स एक आहे म्हणजे दरही एकत्र ठरतात, असे नाही. अलायन्समुळे मुख्यतः सामान पुढे जाणे, मैलांची, म्हणजे प्रवासाबद्दल खात्यात जमा होणाऱ्या गुणांची, देवाणघेवाण आणि लाउंज यांची सोय होते. दर ठरवण्याची खरी जवळीक संयुक्त उपक्रमात, म्हणजे ठरावीक मार्गांवरचा धंदा मिळून करण्याच्या करारात, असते. दोन स्पर्धकांनी एकत्र बसून भाव ठरवणे हा एरवी गुन्हा ठरला असता, म्हणून अमेरिकेचे परिवहन खाते अशा कंपन्यांना स्पर्धा-कायद्यातून सूट देते, आणि तशी पहिली सूट केएलएम व नॉर्थवेस्ट यांना 1993 मध्ये मिळाली. आज अटलांटिक ओलांडताना लुफ्थान्सा, युनायटेड आणि एअर कॅनडा हा एक गट, ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन एअरलाइन्स हा दुसरा, तर एअर फ्रान्स-केएलएम, डेल्टा आणि व्हर्जिन अटलांटिक हा तिसरा गट आहे. हे केळी उत्पादकाला समजावून सांगावे लागत नाही: रावेर-सावद्याला बागेत येणारे व्यापारी दहा असले तरी सगळ्यांची नजर बऱ्हाणपूरच्या भावाकडे असेल, तर त्या दहांची किंमत एकाएवढीच राहते.

म्हणून वहीत शहराच्या नावाखाली कंपन्या लिहू नयेत, रकाने पाडावेत. मुंबई ते शिकागो या प्रवासासाठी अटलांटिकवरील वरच्या तीन संयुक्त उपक्रमांचे तीन रकाने होतात; एमिरेट्स, कतार, एतिहाद आणि टर्किश यांना प्रत्येकी एक रकाना द्यावा; एअर इंडियाचाही वेगळा रकाना ठेवावा, कारण ती लुफ्थान्साच्या विमानांवर आपला क्रमांक लावत असली तरी त्या अटलांटिक उपक्रमाची भागीदार नाही. प्रत्येक रकान्यातील सर्वांत स्वस्त दर एवढाच तुलनेला घ्यावा. पंधरा ओळींची यादी अशा रीतीने सात-आठ आकड्यांवर येते आणि निर्णय सोपा होतो. इंडिगोने जुलै 2025 मध्ये मुंबई-ॲमस्टरडॅम विमान सुरू केले तेव्हा नवा रकाना आला असे वाटले होते, पण त्याच्या आदल्याच महिन्यात तिने एअर फ्रान्स-केएलएम, डेल्टा आणि व्हर्जिन यांच्याशी भागीदारी जाहीर केली होती. उलट 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि मुंबईहून युरोपला जाणाऱ्यांसाठी एक रकाना कायमचा मिटला.

आखाती कंपन्यांचे दर कधी कोसळतात आणि कधी भडकतात, याचे कारण त्यांच्या विमानांपेक्षा सरकारी करारांत अधिक आहे. दोन देशांदरम्यान आठवड्याला किती आसने उडवता येतील, हे द्विपक्षीय करारात ठरते. भारत आणि दुबई यांच्यात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 66 हजार आसनांची मर्यादा आहे, आणि दुबईची बाजू ती वाढवून मागत आली आहे. अमेरिकेशी मात्र भारताचा 2005 पासून मुक्त आकाश करार, म्हणजे आसनांवर अशी मर्यादा न घालणारा करार, आहे. जिथे आसनांवर कुलूप आहे तिथे दिवाळी किंवा मे महिन्यात भाव चढणारच, म्हणून आखातमार्गे जायचे असेल तर तिकीट लवकर घ्यावे. आकाश बंद होण्याचाही परिणाम होतो: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावे लागले, तर परदेशी कंपन्यांचा मार्ग खुला राहिला. ‘थेट’ असे लिहिलेले असले तरी एकूण तास मोजावेत.

आता तिकिटाकडे वळू. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा, याबाबत मी तडजोड करत नाही. तिकीट क्रमांक तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात: 098 एअर इंडियाचे, 220 लुफ्थान्साचे, 176 एमिरेट्सचे, 157 कतारचे. दोन टप्प्यांसाठी दोन वेगळे क्रमांक दिसले, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यास दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याची जबाबदारी राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका एजंटाने माझ्या भाच्याला स्वस्तात पडावे म्हणून असे दोन तुकडे जोडून दिले होते. मधल्या विमानतळावर बॅग स्वतः घेऊन पुन्हा जमा करायची होती, त्यासाठी इमिग्रेशनबाहेर पडणे भाग होते आणि त्या देशाचा व्हिसा त्याच्याकडे नव्हता. वाचवलेल्या रकमेच्या तिप्पट पैसे नव्या तिकिटाला गेले. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेज थांबली तेव्हाही तिकीट कोणी दिले आहे, याला महत्त्व आले: ज्यांचे तिकीट भागीदार कंपनीने दिलेले होते, त्यांना दाद मागायला निदान एक चालू कंपनी उरली होती.

खान्देशातून जाणाऱ्याला तुटक प्रवास पूर्ण टाळता येत नाही, कारण भुसावळ-मुंबई रेल्वे किंवा जळगावहून वेगळ्या तिकिटावर घेतलेले छोटे विमान हे मोठ्या तिकिटाचा भाग नसतात. हा तुटकपणा परदेशात नको, मुंबईत असू द्यावा. युरोपची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारखेचे रात्रीचे 2 वाजून 10 मिनिटे असतील तर विमानतळावर 14 तारखेच्या रात्री पोहोचायचे असते, आणि या एका चुकीने विमान चुकलेली माणसे आपल्याकडे गावोगाव भेटतील. पावसाळ्यात इगतपुरी-कसारा घाटाचा भरवसा नसतो, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये एक मुक्काम आधीच करावा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचे विमानतळही चालू झाले आहे, म्हणून तिकिटावर कोणते विमानतळ आहे ते पाहूनच ठाण्याला उतरायचे की पनवेलकडे वळायचे, हे ठरवावे.

सामानाबाबत एक नियम कामाचा आहे. अमेरिका हे अंतिम ठिकाण असेल तर एका तिकिटावरील सर्व टप्प्यांना सुरुवातीचाच सामान-नियम लावावा लागतो आणि कोडशेअर असल्यास तो क्रमांक ज्या कंपनीचा, तिचा धरला जातो. पापड, कळण्याचे पीठ आणि केळीचे वेफर्स यांनी भरलेली दुसरी बॅग त्या नियमात बसते का, हे तिकीट घेण्यापूर्वी पाहावे. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लागणाऱ्या पट्टीवर शेवटच्या शहराचे तीन अक्षरी नाव स्वतः वाचावे. मैल मिळतील की नाही, हे दराच्या वर्गावर ठरते. वर्षातून एकदा जाणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

बॅग फुटली तर ती मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा आली तर 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल कराराची ही मुदत भारताला 2009 पासून लागू आहे, आणि कोडशेअर असल्यास तिकीट देणारी व विमान उडवणारी यांपैकी कोणत्याही कंपनीकडे ती तक्रार करता येते. त्यासाठी बोर्डिंग पासचे तुकडे आणि बॅगेची पावती घरी पोहोचल्यावरही महिनाभर जपून ठेवावी.