नागपुरात नाताळची रोषणाई बघायची तर: दिवस कोणता, उतरायचं कुठे, चर्चमध्ये वागायचं कसं

नाताळची रोषणाई बघायला निम्मं नागपूर एकाच वेळी सदर भागात निघतं: २५ डिसेंबर, संध्याकाळी सात ते दहा. मग फाटकाबाहेर रांग, रस्त्यावर हॉर्न आणि गव्हाणीसमोर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासमोर, पोचलं की मागून धक्के. खरं तर ही घाई करायचं काही कारण नाही. चर्चच्या पंचांगात नाताळचा काळ २५ तारखेला सुरू होतो, संपत नाही. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण ६ जानेवारीच्या आसपास येतो आणि तोवर बहुतेक चर्चमध्ये गव्हाणी, तारे, माळा जागेवरच असतात.

म्हणून पहिला निर्णय तारखेचा. २०२६ मध्ये नाताळ शुक्रवारी आहे. त्याला शनिवार-रविवार जोडून येतात, म्हणजे गर्दी तीन दिवस लांबणार. अशा वर्षी सोमवार २८ ते बुधवार ३० डिसेंबर हे दिवस धरा. ३१ तारखेची संध्याकाळ आणि १ जानेवारी सरळ टाळा. नववर्षाची प्रार्थना, फुटाळा तलावाकडे निघालेली तरुण मंडळी आणि पोलिसांची नाकाबंदी हे सगळं एकाच वेळी रस्त्यावर येतं.

२४ तारखेच्या संध्याकाळी जाणाऱ्यांची हमखास निराशा होते ती गव्हाणीपाशी. मेंढपाळ, गाय, गाढव, मरिया, योसेफ सगळे असतात, पण मधली जागा रिकामी. बाळ येशूची मूर्ती प्रथेप्रमाणे रात्रीच्या उपासनेच्या वेळीच ठेवली जाते. तीन राजेही कुठे कुठे शेवटच्या आठवड्यात लांब ठेवलेले असतात आणि त्यांच्या सणाच्या दिवशी गव्हाणीपाशी येतात. पूर्ण देखावा हवा असेल तर उशिराच्या तारखेला गेलेलं बरं.

आता वेळ. डिसेंबरअखेर नागपुरात पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि सव्वासहापर्यंत नीट अंधार होतो. सहाला पोचा. दिवे लागलेले असतात, आकाशात थोडा निळा उजेड शिल्लक असतो, आणि जेवून निघणारी गर्दी अजून घरीच असते. फोटोसाठीही हीच वेळ चांगली, कारण पूर्ण काळोखात मोबाइल दिव्यांचे पांढरे गोळे करून टाकतो. तरी तसं झालंच तर पडद्यावर सर्वांत उजळ दिव्याला बोट लावून उजेड खाली ओढा. नाइट मोड बंद ठेवा. त्यात एक फोटो काढायला दोन-तीन सेकंद लागतात आणि गर्दीतली माणसं भुतासारखी पुसट होतात.

जायचं कसं, यात खरी मेख आहे. गाडी घराजवळच्या मेट्रो स्थानकावर लावा आणि ऑरेंज लाइन पकडा. ॲक्वा लाइनवरून येणाऱ्यांनी सीताबर्डीला बदलायचं. कस्तुरचंद पार्कला उतरून त्याच वाटेने परत येण्यापेक्षा गड्डीगोदाम चौकाला उतरा, आधी मोहननगरातलं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल बघा, मग सदरकडे चालत निघा. इंडियन कॉफी हाऊसजवळचं ऑल सेंट्स कॅथेड्रल हा दुसरा मुक्काम. पहिलं कॅथलिक, दुसरं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे प्रोटेस्टंट. दोन्ही एका संध्याकाळी बघितली की सजावटीतला फरकही लक्षात येतो. परतीची गाडी कस्तुरचंद पार्कहून घ्या. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते, त्यामुळे नऊनंतर घड्याळाकडे लक्ष ठेवा आणि शेवटच्या गाडीची वेळ जातानाच स्थानकावर विचारून घ्या.

दुचाकी न्यायचीच असेल तर एक चूक टाळा. एलआयसी चौकातून कामठी रोडच्या डबलडेकर पुलावर चढलात की गड्डीगोदाम खाली राहतं आणि तुम्ही थेट पुढे निघता. खालचाच रस्ता धरा. चर्चच्या भिंतीला लागून गाडी लावू नका. ती उचलून नेली की संध्याकाळ चालान भरण्यात जाते. चालत दहा मिनिटांवर गल्लीत जागा मिळाली तरी नशीब समजा.

हिवाळी अधिवेशनाकडेही एक डोळा असू द्या. बहुतेक वर्षी ते नाताळाआधी आटोपतं, पण २०२२ मध्ये ३० डिसेंबरपर्यंत चाललं होतं. अधिवेशन चालू असेल तर सिव्हिल लाइन्स, झिरो माइल भागात मोर्चे आणि बंद रस्ते धरूनच चला. मेट्रोवाल्यांना त्याचा त्रास कमी.

चर्चच्या आत आपल्यापैकी बऱ्याच जणांची गडबड होते, तेव्हा हे नीट वाचा. उपासना चालू असेल तर मधल्या वाटेने पुढे जाऊ नका. मागे उभे राहा किंवा शेवटच्या बाकावर बसा. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं, एवढं पुरे. एका टप्प्यावर लोक रांगेने पुढे जातात आणि धर्मगुरू पातळ भाकर देतात. तो प्रसाद नव्हे. चर्चच्या दीक्षित सभासदांसाठीचा तो संस्कार आहे, म्हणून त्या रांगेत उभं राहायचं नाही. बसून राहिलात तर कोणाला वावगं वाटत नाही. पुरुषांनी आत शिरताना टोपी काढायची, कानटोपीसुद्धा. थंडी कितीही असो, मफलर गळ्यातच ठेवा. चपला बहुतेक ठिकाणी बाहेर काढाव्या लागत नाहीत, तरी इतर काय करतात ते बघा. वेदीच्या कठड्यापलीकडे पाऊल नको आणि फ्लॅश तर नकोच. २४ च्या रात्रीची जागा उपासनेला येणाऱ्यांची असते. फक्त रोषणाई बघायची असेल तर ती रात्र त्यांना सोडा.

मेणबत्त्या लावायची जागा असते तिथे ओढणी, शाल, मुलांच्या जाकिटाची लोंबती दोरी सांभाळा. लोंबतं कापड ज्योतीवर क्षणात पेट घेतं. मेणबत्ती लावून झाली की बाजूला व्हा.

लहान मुलं असतील तर त्यांच्या खिशात मोबाइल नंबर लिहिलेला कागद ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, आणि फाटकापाशी नको, कारण सगळे तिथेच एकमेकांना शोधत असतात. मेट्रो स्थानकाचं तिकीट काउंटर बरं. गर्दीत फोन लागेलच असं नाही. आजी-आजोबांना न्यायचं तर रोषणाईचा हट्ट सोडा आणि सकाळी अकराला जा. गव्हाणी दिवसाही तितकीच छान दिसते, बसायला बाक मिळतात आणि ऊनही असतं. संध्याकाळी मात्र स्वेटर हवाच, दुपारच्या उन्हावर विसंबू नका.

मॉलमधली झाडं आणि सांताक्लॉज मुलांना आवडतात हे खरं. व्हरायटी चौकातला इटर्निटी मॉल झाशी राणी चौक स्थानकावरून गाठता येतो. सुट्टी नसलेल्या दिवशी दुपारी जा, वीस मिनिटांत बघून होतं. त्यासाठी वेगळी संध्याकाळ घालवू नका.

खाण्याचं म्हणाल तर सदरला जेवायचा बेत आखू नका, टेबलासाठीच तास जातो. घरून खाऊन निघा, पिशवीत चार संत्री टाका आणि सालं परत घरी आणा. प्लम केक हवा असेल तर बेकरीत दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा. त्यात अंडं आणि बरेचदा रममध्ये भिजवलेला सुकामेवा असतो, त्यामुळे चालत नसेल तर ऑर्डर देतानाच विचारा. केक जाताना नव्हे, परतताना उचला. गर्दीत डबा चेपतो.

एवढं करूनही सदरची गर्दी नकोच असेल तर कामठी. १८२१ पासूनची लष्करी छावणी असल्याने तिथे जुनी चर्च आहेत आणि ख्रिस्ती वस्तीही जुनी आहे. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, पुढे ऑटो; ऑटोवाल्याशी परतीचंही आधीच ठरवून ठेवा. छावणीच्या भागात कॅमेरा काढण्याआधी पाट्या वाचा.