मुंबई ते न्यूयॉर्क किती तास? हिशेबातल्या या चुका टाळा

मुलाकडे निघालेल्या मावशीने तिकीट हातात पडताच डोंबिवलीहून फोन केला. "अगं, रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला न्यूयॉर्क? सहा तासांत तर आम्ही कोल्हापूरलाही पोचत नाही!"

तिकिटावरची वेळ ज्या-त्या गावची असते, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तेव्हा सहात साडेदहा मिळवायचे, म्हणजे साडेसोळा तास. येताना उलट, फरक वजा करायचा. शिवाय मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात फरक साडेनऊच धरा. आपलं घड्याळ बारा महिने तेच.

दुसरी चूक नकाशाची. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-न्यूयॉर्क रेघ मारली की ती अरबस्तान आणि सहारावरून जाते. भाच्याच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो चक्क उत्तरेला रशियाकडे सरकतो. तोच जवळचा रस्ता, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. हेच अंतर मैलांत ७,८०० आणि सागरी मैलांत ६,८०० च्या आत. एकक न बघता आकडा उचलला की अंतर जवळपास निम्म्यावर येऊ शकतं.

आता साडेबारा हजार भागिले ताशी ९०० म्हणजे चौदा तास, असा हिशेब शाळेत पूर्ण मार्क देईल, विमानात नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे जाताना समोरून येतात आणि येताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो. त्यात दोऱ्याची वाट दरवेळी मोकळी मिळेलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि वळसा वाढला.

तिकिटातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडे थांबलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. रांगेत गेलेली वीस मिनिटं काही उडण्यात धरायची नाहीत. मध्ये दुबईला किंवा लंडनला विमान बदलायचं असेल तर एकूण वेळात तिथलं ताटकळणंही आलं.

विमानतळाची अक्षरं मात्र नीट वाचा. न्यूयॉर्कसाठी जेएफके, ईडब्ल्यूआर आणि एलजीए असे तीन पर्याय दिसतात, त्यातला ईडब्ल्यूआर नेवार्कचा, नदीपलीकडे न्यू जर्सीत. आणि आता आपल्याकडेही तेच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून, म्हणजे एनएमआयवरून, विमानं सुटू लागली. बीओएम म्हणजे आपलं जुनं, सांताक्रूझ-सहारचं.

एवढं सगळं मावशीला समजावून फोन ठेवला आणि मीच फसले. तिकीट शनिवार, रात्री १.३० चं. मी गाडी शनिवारी रात्री साडेनऊची सांगून ठेवली होती. नशीब, शुक्रवारी दुपारी मावसोबांनी तिकीट पुन्हा वाचलं. "अगं, बारा वाजले की शनिवार लागतो ना? मग आज रात्रीच निघायचं की!" त्या संध्याकाळी लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळतच आम्ही गाडीत बसलो.