पायाच्या धमन्यांचा आजार : चालण्याच्या चाचणीत या चुका टाळा

नाशिकच्या पंचवटीहून येणारे एखादे आजोबा सांगतात, "गोल्फ क्लबच्या मैदानाला फेरी पुरी होत नाही, पोटऱ्या भरून येतात. जरा उभं राहिलं की पुन्हा चालता येतं." पायाच्या धमन्या अरुंद होऊन चालताना पोटरीला रक्त पुरत नाही, त्याचं हे लक्षण. आणि चाचणीत ट्रेडमिलवर हेच आजोबा मिनिटामागून मिनिटं चालत राहतात. अशा वेळी आजोबांच्या बोलण्यावर शंका घेण्याआधी त्यांचे हात कुठे आहेत ते पाहा.

ट्रेडमिलची दांडी घट्ट धरली की शरीराचा भार हातांवर जातो, पोटरीला रक्त कमी लागतं आणि चालण्याची वेळ फुगते. पुढच्या वेळी दांडी न धरता चालले तर औषधाचा गुण आलेला असूनही आकडा घसरलेला दिसेल. तोल जाऊ नये म्हणून बोटं नुसती टेकवू द्या आणि धरलीच तर तशी नोंद करा. आयुष्यात कधी पट्ट्यावर पाय न ठेवलेल्या माणसाला आधी थोडा सराव द्या. भीतीने थांबणं आणि दुखून थांबणं यांत फार फरक आहे. पट्टाही सुरुवातीलाच उभा चढवू नका. ट्रेडमिल चाचणीच्या गार्डनर पद्धतीत वेग ताशी ३.२ किलोमीटर कायम असतो आणि चढ दर दोन मिनिटांनी २ टक्क्यांनी वाढतो. दुखणं सुरू झालं ती वेळ आणि चालणं अशक्य झालं ती वेळ, दोन्ही वेगळ्या लिहा.

सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं हे मोजणाऱ्या चाचणीला साधारण ३० मीटरचा सरळ मार्ग लागतो. छोट्या दवाखान्यात तो मिळत नाही. आखूड मार्गावर वळणं वाढतात, अंतर कमी भरतं, म्हणून निदान दर वेळी मार्ग तोच ठेवा. रुग्ण थांबला तरी घड्याळ चालूच राहतं. सोबतच्या मुलाला "बाबा, अजून थोडं!" म्हणू देऊ नका. माया समजते, पण त्याने अंतर बदलतं.

सगळ्यात जास्त घात होतो तो नुसत्या विश्रांतीत केलेल्या तपासणीवर विसंबून. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, म्हणजे एबीआय, ०.९० किंवा कमी आला तर आजार धरतात. पण विश्रांतीत तो नॉर्मल असूनही चालल्यावर कोसळू शकतो. घोट्याचा दाब पाऱ्याच्या ३० मिमीहून किंवा एबीआय २० टक्क्यांहून जास्त उतरला तर तो पुरावा आहे. मात्र चालणं थांबल्यावर लगेच, मिनिटाभरात, मोजा. रक्तदाब मोजायचा कफ शोधण्यात पाच मिनिटं गेली तर दाब सावरलेला असतो. आणि मधुमेहात धमन्या कडक होऊन एबीआय १.४० च्या वर गेला तर आनंदू नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजा.

कुणी म्हणालं, "नुसतं थांबून भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं," तर दुखणं मणक्यातून येत असेल, तोही तपासून घ्या.

आणि रात्री पडल्या पडल्या पाय ठणकत असेल, बोटाला न भरणारी जखम असेल किंवा छातीत नुकतंच दुखू लागलं असेल, तर पट्ट्यावर चढवूच नका. थेट डॉक्टरांकडे पाठवा, त्याच दिवशी.