सोलर पॅनल धुताना या चुका टाळा: एमसीबी पाडला म्हणून करंट गेला असं नाही

"एमसीबी पाडलाय, आता बिनधास्त धू." गच्चीवर पाइप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला खालून हे हमखास सांगितलं जातं. घात इथेच होतो. एमसीबी पाडला की इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा) घराच्या लाइनपासून तुटतो. पॅनल मात्र उजेड आहे तोवर वीज बनवतच राहतं. एका मोठ्या पॅनलचे 40 ते 50 व्होल्ट, घरच्या 3 किलोवॅटला अशी सहा पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे 240 ते 300 व्होल्ट डीसी. डीसी आयसोलेटर (पॅनल आणि इन्व्हर्टरमधला स्विच) पाडल्यावरही गच्चीवरच्या वायरमध्ये तो असतोच. सकाळच्या कोवळ्या उन्हातसुद्धा व्होल्टेज जवळजवळ पूर्ण येतं. तरी धुवा सकाळीच, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते.

आधी एसी बाजूचा एमसीबी, मग डीसी आयसोलेटर बंद करा. पॅनलचे कनेक्टर चालू लोडवर, म्हणजे वीज वाहत असताना, कधीच ओढू नका, डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

पाणी मारण्याआधी खाली वाकून पॅनलच्या पोटाकडे बघा. हे कुणी करत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात रोज सकाळी इन्व्हर्टरवर इन्सुलेशनचा फॉल्ट (वायरमधून कुठेतरी वीज गळत असल्याचा इशारा) यायचा आणि अकराच्या सुमारास आपोआप जायचा. ओल वाळली की जातो, म्हणून आम्ही सोडून दिलं. शेवटी वाकून पाहिलं तर वायर बांधलेला टाय तुटून कनेक्टर स्लॅबवरच्या डबक्यात पडलेला, आणि शेजारची वायर खारीने तांबं दिसेपर्यंत कुरतडलेली. त्याच पॅनलखाली मी अनवाणी उभा राहून पाणी मारत होतो. असा फॉल्ट दिसला किंवा काचेला तडा असला, तर धुणं थांबवा, आधी वायरमन बोलवा.

प्रेशर वॉशर नको. मागच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी घुसतं. वायपरचा दांडा अॅल्युमिनियमचा नको, गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील तर मुळीच नको. पायात कोरडी रबरी चप्पल हवीच, पण तिच्या भरवशावर उघड्या वायरला हात लावू नका.

फ्रेमला हात लागताच मुंग्या आल्या तर "बघू पुन्हा" म्हणून दुसऱ्यांदा हात लावू नका. अर्थिंग तुटलेलं असू शकतं. कुणी चिकटलाच तर त्याला हाताने ओढू नका. कोरड्या लाकडी काठीने बाजूला करा आणि 108 ला फोन लावा.