‘व्हिक्टरी’चे पिवळे पट्टे

१८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईतील ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती रंगवताना भडक पिवळा रंग घेऊ नये, कारण इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील मूळ जहाजावरील रंगाचे जुने थर तपासून २०१५ मध्ये त्याला दिलेला रंग फिकट आणि किंचित गुलाबीसर आहे, आणि खरे तर डोळ्यांना तो सुरुवातीला खटकतोच. हा फिकट रंग आधी लावून पूर्ण वाळू द्यावा, मग पिवळ्या ठेवायच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून तिच्या कडेवर पारदर्शक वार्निशचा पातळ हात फिरवावा, म्हणजे वरून दिलेला काळा रंग लाकडाच्या रेषांतून पट्टीखाली झिरपत नाही. तोफांच्या खिडक्यांची झाकणे मात्र सुटी असतानाच बाहेरून काळी रंगवावीत.